बेचाळिसाव्या पानाची कड

कापताना माझा हात थरथरत नाही. माझ्या अंगी असलेला हा एकुलता एक गुण, आणि त्यानेच घात केला.

सोमवारी सकाळी साडेदहाला मी आत्याचं पुस्तक कटिंग मशीनखाली सरळ धरलं, चाक फिरवून दाब दिला आणि पातं खाली ओढलं. अर्धा इंच कड अशी सुरेख निघाली, की मी स्वतःवरच खूश झालो. कातरण झाडून पोत्यात टाकली, तोवर दारात टेम्पोवाला ओरडायला लागला म्हणून पोत्याचं तोंड बांधून ते त्याच्या अंगावर फेकलं. पाच मिनिटांनी आत्या खळीचे हात पुसत आली. तिने पुस्तक उचललं, उघडलं, आणि खाली बसली. स्टुलावर नाही. जमिनीवर.

"कड कापलीस?"

"सरळ कापलीय, आत्या. बघा ना, कुठे दातरा नाही."

"मी तुला सांगितलं होतं, हिला पातं लावू नको."

सांगितलं होतं. मशीन चालू असताना सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. मशीन चालू असताना मी सगळ्यालाच मान डोलावतो. मालकांनी पगार अर्धा करतो म्हटलं तरी डोलावेन. नव्या शिलाईचं पुस्तक हाती आलं की ते तिन्ही बाजूंनी कापायचं, ही आमच्या बाइंडिंगच्या कारखान्याची रीत. रीत हाताला पाठ असते, कानाचा तिथे संबंध येत नाही.

"त्या कडेला लिहिलेलं होतं रे," आत्या म्हणाली. "त्यांच्या हातचं."

मग ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने बोटांवर मोजलं: सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सहा दिवस." ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मला त्या आठवड्यात बऱ्याचदा वाटून गेलं.

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. ती माझी आत्या नव्हे. मालकांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला आत्या म्हणतात, त्यामुळे आमच्या कारखान्यात सगळेच एकमेकांचे भाऊ लागतात आणि भावांसारखेच भांडतात. चौतीस वर्षं ती पुस्तकं शिवते. आमच्याकडे छापलेला मोठा कागद घडी घालून येतो. सोळा पानांची एक घडी, तिला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मा मधोमध उघडायचा, घडीतून सुई घालायची, दोरा ओढायचा, फर्मा मिटायचा, पुढचा घ्यायचा. मोबदला फर्म्यावर. त्यामुळे पान उलटून बघायला सवड नाही, पण उघडं पडलेलं पान डोळ्यांना दिसतंच. आठवं आणि नववं. चोविसावं आणि पंचविसावं. चाळिसावं आणि एक्केचाळिसावं. एकेक पुस्तक पाचशे-सहाशे प्रतींचं, म्हणजे तीच दोन पानं सहाशे वेळा.

आत्याचं सगळं शिक्षण हे असं मधल्या पानांचं. शाळा तिने चौथीत सोडली. पुढचं सगळं तिला सोळा पानांतून दोन या हिशेबाने मिळालं. तिला विषारी सापांच्या चार जाती माहीत, पाचवी नाही. एका राजाचा खून झाला हे माहीत, कोणी केला ते पुढच्या पानावर. मालक तिला चिडवायचे, "आमची मधल्या पानांची पंडिता." ती म्हणायची, "तुम्ही तर नुसते पुठ्ठे बघता. मी निदान आत डोकावते."

तिचे यजमान प्रार्थनागृहाचे वाचक होते. आठवड्याच्या प्रार्थनेला पीठावर उभं राहून ग्रंथातला एक अध्याय मोठ्याने वाचायचा, हे त्यांचं काम. एकतीस वर्षं त्यांनी ते केलं. पगार नावापुरता, पण प्रार्थनागृहामागच्या दोन खोल्या त्या पदाबरोबर मिळत. तीन महिन्यांपूर्वी ते गेले. विश्वस्त चांगली माणसं. महिनाभर त्यांच्यातल्या कोणी खोल्यांचा विषय काढला नाही. दुसऱ्या महिन्यात अध्यक्षांचा भाचा येऊन खिडक्यांची मापं घेऊन गेला.

"पडद्यांसाठी," तो म्हणाला होता.

"माझे पडदे आहेत की," आत्या म्हणाली.

"हो, पण ते तुमचे आहेत ना," भाचा म्हणाला.

त्या दिवशी आत्याने अर्ज केला. मीच तो लिहून देणार होतो, पण तिने मला दोन ओळींच्या पुढे जाऊ दिलं नाही. 'वाचकाची जागा रिकामी आहे. मला वाचता येतं, मी वाचीन.' आजवर त्या पीठाची पायरी बाईने चढलेली नव्हती, त्यामुळे अर्ज विश्वस्तांच्या टेबलावर पडला तो पाल पडल्यासारखा. अध्यक्षांचं छत्र्यांचं दुकान आहे. माणूस गोड, कधी कोणाला थेट नाही म्हणत नाही. ते म्हणाले, "आमची ना कुठे आहे? बाईंनी रविवारी चार वाजता यावं, बोलावं. फक्त जे काही बोलाल त्याला ग्रंथाचा दाखला हवा. अध्याय आणि ओळ. नुसती मतं काय, मतं आमच्याकडेही आहेत."

आणि नेमका याच वेळी यजमानांच्या ट्रंकेत ते पुस्तक सापडलं होतं.

पुस्तक एकशेबारा पानांचं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बायांची एक परिषद भरली होती, तिथल्या भाषणांचं. तीस वर्षांपूर्वी ते आमच्याच कारखान्यात नव्याने छापून आलं आणि आत्यानेच शिवलं. एक डागाळलेली प्रत ती घरी घेऊन गेली आणि यजमानांना दिली. भाषणं करणाऱ्यांत एक दाई होती, एक शाळामास्तरीण होती, एक धर्मशाळा चालवणारी विधवा होती. सगळ्यांचं मागणं एकच: बाई आणि बाप्या बरोबरीचे. आणि सगळ्यांचा आधार एकच: ग्रंथ. मला आधी याचं हसू आलं. मग कळलं, की त्या काळी कायद्याचं पुस्तक उघडून त्यांना काय मिळणार होतं? त्यात त्या नव्हत्याच. ग्रंथात निदान होत्या.

दाई एके ठिकाणी म्हणते, 'मी तीन हजार लेकरं या हातांवर झेलली. मुलगा असो, मुलगी असो, पहिला श्वास सारखाच घेतात. ज्याने श्वास फुंकला त्याने दोन नळ्या ठेवलेल्या नव्हत्या.' हे नवव्या पानावर आहे, म्हणून आत्याला पाठ होतं. मास्तरीण म्हणते, 'देवाने दिलेली वस्तू न वापरता परत नेली तर तो विचारील, जीभ कोरीच कशी?' हे पंचविसाव्या. पण या बाया भाषणाच्या भरात नुसतं 'ग्रंथ म्हणतो' म्हणून पुढे जातात. अध्याय, ओळ काही सांगत नाहीत. ते सगळे दाखले आत्याच्या यजमानांनी कडेच्या मोकळ्या जागेत लिहून ठेवले होते. बारीक, सुबक अक्षरात, पानोपान. पुस्तक पार खिळखिळं झालं होतं, म्हणून आत्याने वाचायच्या आधी ते नव्याने शिवलं आणि पुठ्ठा चढवायला माझ्याकडे दिलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

"अर्धा दाखला म्हणजे दाखला नव्हे," ती जमिनीवरून उठत म्हणाली. डाव्या पानांवर आता नुसत्या ओळींचे आकडे उरले होते, उजव्या पानांवर नुसते अध्यायांचे. जणू मी अन्याय होऊ नये म्हणून दोघांचं सारखं वाटून कापलं होतं.

मालकांनी विचारलं, "शाळेत काय शिकवलं रे तुला?"

"मान डोलवायला."

"मग आता पाय हलवायला शीक. पोतं कुठे गेलं बघ."

पोतं गेलं होतं कपबशांच्या गोदामात. आमची कातरण काचसामान आणि कपबशा भरताना खोक्यांत घालतात, फुटू नये म्हणून. मंगळवारी दुपारी मी आणि आत्या तिथे पोचलो तेव्हा गोदामवालीने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला माझी भरलेली खोकी उकलायची आहेत?"

"पुन्हा भरून देऊ," मी म्हणालो.

"एक कान तुटला तर?"

"माझा कापून घ्या."

"तुझा काय करू? कपाला नाही लागायचा."

आत्याने एक खोकं पुढे ओढलं आणि त्यातून एक बशी अशा हाताने काढली, की गोदामवालीने दुसरं खोकं स्वतःच पुढे सरकवलं. चौतीस वर्षं जुना कागद न फाडता उलटणारे हात ते. एकेक कप बाहेर, मूठभर पट्ट्या बाहेर, पांढऱ्या बाजूला, पिवळ्या आमच्या. आमचं पुस्तक जुनं, म्हणून कागद पिवळा. एवढीच देवाची कृपा. एकशेबारा पानं म्हणजे छप्पन्न कागद, छप्पन्न पट्ट्या. मंगळवारी अडतीस मिळाल्या. बुधवारी चौदा. प्रत्येक पट्टीबरोबर आत्या आकडा मोठ्याने म्हणायची आणि मी मनात उलटा मोजायचो, अजून किती राहिल्या ते. गुरुवारी सकाळी आणखी तीन. पंचावन्न.

छप्पन्नावी नव्हती. "सोमवारी संध्याकाळीच बारा खोकी गेली," गोदामवाली म्हणाली. "किटलीसकट चहाचे संच. दुकानातून घरोघर. आता मी काय सांगू?"

परत येताना आत्या वाटेत दोनदा थांबली. मला वाटलं दम लागला. ती म्हणाली, "ते पडदे त्याने निळे घेतलेत."

"कोणी?"

"भाच्याने. काल दाखवायला आला होता. मापात बसतात का बघायला."

"मग?"

"बसले ना," ती म्हणाली. "अगदी बरोबर बसले."

जोडकाम मंगळवारी संध्याकाळीच सुरू झालं होतं. कारखाना पाचला सुटला की मी तिच्या खोलीत जायचो. बाहेरच्या खोलीत टेबल, त्यावर पुस्तक, बाजूला पट्ट्यांचा गठ्ठा, खळीची वाटी आणि पातळ कागद. पट्टीवर अर्धं अक्षर, पानावर अर्धं. रेघेला रेघ जुळली की चिकटवायचं. सोपं वाटतं, पण यजमानांचा 'अध्याय' सगळीकडे सारखाच. त्यामुळे पानावरचं भाषण वाचून तिथे कशाचा दाखला असेल याचा अंदाज घ्यावा लागे. माझं वाचन कूर्मगतीचं, म्हणून आत्या मोठ्याने वाचायची आणि मी पट्टी शोधायचो.

ती वाचायला लागली तेव्हा मी पट्ट्या शोधायचं विसरलो. तसं म्हणाल तर सरळ वाचत होती, हातवारे नाहीत, काही नाही. पण वाक्याच्या मध्येच एके ठिकाणी ती क्षणभर थांबायची, आणि पुढचा शब्द आपल्यालाच सुचला असं वाटायचं.

"हे कुठे शिकलात?"

"स्वयंपाकघरात," ती म्हणाली. आणि मग थोडं थांबून, "कोणाला बोलायचं नाही, सांगून ठेवते. शेवटची सात वर्षं त्यांना दिसत नव्हतं."

"पण ते तर दर आठवड्याला..."

"ग्रंथ उघडा ठेवून उभे राहायचे. आठवडाभर रोज संध्याकाळी मी अध्याय वाचायची, ते ऐकून पाठ करायचे. पान उलटायचं कधी तेही पाठ. एकदा दोन पानं एकदम उलटली. कोणाला कळलं नाही."

"अहो, मग रविवारी हेच सांगा! सात वर्षं तुम्हीच वाचताय. आणखी कसला दाखला हवा?"

"आणि त्यांना खोटं पाडू? मेलेल्या माणसाला?" तिने पट्टी माझ्या हातून ओढून घेतली. "मला कधी वाईट वाटलं नाही त्याचं. दाईने सांगितलंच आहे की. एक्केचाळिसाव्या पानावर." आणि डोळे मिटून तिने म्हटलं, "'जिचा आवाज चुलीजवळून देवापर्यंत पोचतो, तिने पीठाची पायरी कशाला चढावी?' तीस वर्षं हे वाक्य धरून बसलेय मी. आता खोल्यांची पाळी आली नसती तर अर्जही केला नसता. दाईचं वाक्य मोडतेय असं वाटतं, खरं सांगू का."

हे बुधवारी. शुक्रवारी आम्ही त्या पानापर्यंत पोचलो. आत्याने चाळिसावं वाचलं, एक्केचाळिसावं वाचलं. पानाच्या शेवटी ते वाक्य होतं, अगदी शेवटची ओळ. शिलाईला फर्मा उघडला की एवढंच दिसतं. ती थांबली. मग तिने पान उलटलं, आणि त्या पुस्तकाच्या सहाशे प्रती शिवलेल्या बाईने बेचाळिसावं पान पहिल्यांदा वाचलं.

"'असं आपले वडीलधारे म्हणतात,'" आत्या वाचत होती, "'आणि बायांनो, आपल्याला ते गोड लागतं. पण मी विचारते, पीठ काय देवासाठी बांधलंय? देवाला तर मनातलंही ऐकू येतं. पीठ माणसांसाठी आहे. मग माणसांनी बाईचं ऐकू नये असं देव कुठे म्हणाला? पूर येणार ही खबर देऊन त्याने कोणाला पाठवलं? बाईला. चुलीजवळ बसून सांग म्हणाला? चौकात उभी राहा म्हणाला. ज्यांनी ऐकलं ते टेकडीवर चढले. ज्यांना बाईकडून ऐकायची लाज वाटली, ते लाज घेऊन बुडाले.'"

बाहेर कोणीतरी सायकल लावत होतं, त्याचा आवाज आला. आत्याने पान परत उलटून एक्केचाळिसावं बघितलं, पुन्हा बेचाळिसावं.

"ते तिचं नव्हतंच," ती म्हणाली. "ती दुसऱ्यांचं सांगत होती. खोडून काढायला."

तीस वर्षं एखादीने विरोधकाचं म्हणणं आपल्या माणसाचं म्हणून उशाशी घेऊन झोपावं, यावर सुचतील ते सगळे विनोद मला त्या क्षणी नकोसे झाले.

मग तिचं लक्ष कडेकडे गेलं. जी पट्टी मिळाली नव्हती ती याच पानाची. डाव्या बाजूचं पान, म्हणून मजकुराची सुरुवात पट्टीबरोबर गेलेली आणि शेवट उरलेला. वर बारीक अक्षरात: '...ओळ १९'. आणि त्याखाली, पुस्तकात दुसरीकडे कुठेही नाही अशा मोठ्या, वाकड्या, चाचपडत काढलेल्या अक्षरांत: '...ला दाखवायचं राहिलं.'

"हे दिसेनासं झाल्यावर लिहिलंय," आत्या म्हणाली. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. "कोणाला दाखवायचं?"

"तुम्हालाच, आत्या. आणखी कोणाला?"

"तसं तू म्हणतोस. अध्यक्षांना असेल. विश्वस्तांतल्या मास्तरांना असेल. मास्तरांशी ते तासन्‌तास वाद घालायचे." तिने पुस्तक मिटलं. "पट्टी आण मला."

शनिवारी मी सतरा घरं फिरलो. 'किटलीचं खोकं फेकलं का हो?' असं विचारणाऱ्या तरुणाकडे लोक कसे बघतात, ते मला आता नीट माहीत आहे. चार खोकी मिळाली. पट्टी नाही मिळाली. ग्रंथातच अध्याय शोधावा, तर यजमानांची प्रत विश्वस्तांनी परत नेलेली, आणि अध्यायांचे आकडे लक्षात ठेवायचं काम घरात यजमानांचं.

रविवारी चारला प्रार्थनागृहाच्या मागच्या दालनात पाच विश्वस्त बसले होते. मधे अध्यक्ष. उजवीकडे मास्तर, गणिताचे, निवृत्त, ग्रंथ मुखोद्गत, आणि चूक दिसली की दात दुखावा तसा चेहरा. उरलेले तिघे भिंतीला टेकून, निकाल लागला की घरी जायच्या बेताने. भाचा खिडकीशी उभा होता, सवयीने चौकट न्याहाळत.

"हा कोण?" अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा कापणारा," आत्या म्हणाली. "पुस्तक धरायला आणलाय."

ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक होता, की मला वाटलं संपलं. श्वासाचं सांगितलं, दाखला दिला: अध्याय दोन, ओळ सात. मास्तरांनी डोळे मिटून मान हलवली: बरोबर. जिभेचं सांगितलं, अध्याय तीस, ओळ चार. बरोबर. मी पानं उलटत होतो आणि बेचाळिसावं जवळ येत होतं. ते सोडून द्या, असं मी तिला सकाळीच सांगितलं होतं. बाकीचे दाखले पुरे आहेत. तिने मान डोलावली होती. मान डोलावण्याचा अर्थ मला कळायला हवा होता.

"ग्रंथात बाईला चौकात उभं राहून बोलायला सांगितलंय," आत्या म्हणाली. "पुराच्या वेळी. पीठ म्हणजे तरी काय, उंच चौकच."

"कुठे?" अध्यक्ष गोड हसले. "अध्याय?"

आत्याने पुस्तकाकडे बघितलं. "ओळ एकोणीस."

"ओळ झाली. अध्याय?"

"अध्याय याने कापला."

भिंतीकडचे तिघे हसले. भाचाही हसला. अध्यक्ष पेन बंद करत म्हणाले, "बाई, आमची ना नाही हो. पण दाखला अर्धा, म्हणजे..."

माझ्या कानात नुसतं मशीन चालल्यासारखं व्हायला लागलं. निळे पडदे दिसले. आत्याच्या दोन ट्रंका कोणत्या टेम्पोत घालायच्या, इथवर मी पोचलो होतो.

"अकरा!"

मास्तर उभे राहिले होते. त्यांना उभं राहायचं नव्हतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. "अध्याय अकरा, ओळ एकोणीस. 'चौकात उभी राहा आणि तुझा आवाज चढव.' अर्धवट काय सोडता? दाखला आहे तर आहे."

"मास्तर, आपण कोणाच्या बाजूने..." अध्यक्ष म्हणाले.

"मी अकराच्या बाजूने," मास्तर म्हणाले. आणि आत्याकडे वळून, करड्या आवाजात, "ग्रंथ तो पडलाय समोर. तोच अध्याय काढा. वाचून दाखवा. दाखला देणं वेगळं, वाचणं वेगळं."

आत्याने ग्रंथ उघडला. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्या ओळीला ती तिच्या स्वयंपाकघरात पोचली असावी, कारण आवाज खाली बसला आणि दालन भरून गेलं. पुराचं पाणी चढत होतं. एकोणिसाव्या ओळीत, 'उभी राहा' नंतर, ती थांबली. तोच, क्षणभराचा, थांबा.

मास्तरांनी डोळे उघडले. "हा त्यांचा थांबा," ते हळूच म्हणाले. "इथे ते असेच थांबायचे. तुमच्या यजमानांची नक्कल करताय तुम्ही."

सात वर्षांचं ते गुपित. सांगणार? नाही सांगणार?

"नक्कल नाही," आत्या म्हणाली. "आम्ही रोज बरोबर बसून वाचायचो. कोणाचं कोणाकडून आलं, ते घरातलं घरात." आणि पुढे वाचायला लागली.

मास्तर खाली बसले. दोन पानं एकदम उलटली गेली तो दिवस त्यांनाही आठवत असेल का, हे मला अजून कळलेलं नाही.

हात वर झाले. बाजूने दोन. विरुद्ध दोन, त्यांत अध्यक्ष. मास्तर राहिले. ते म्हणाले, "ही पद्धत मला पसंत नाही. पण उत्तर बरोबर आहे. पायऱ्या गाळल्या तरी बरोबर उत्तराला मार्क द्यावे लागतात." आणि वैतागून हात वर केला.

ठरावात 'तात्पुरती' असा शब्द अध्यक्षांनी घातलाच. एक वर्ष, मग पुन्हा विचार. म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमाराला आत्या पुन्हा बोटांवर दिवस मोजणार. भाच्याने निळे पडदे परत केले नाहीत. कोणास ठाऊक, वर्ष काय, बघता बघता जातं.

आत्या अजून दिवसभर आमच्याकडे शिवते, आठवड्यातून एकदा पीठावर वाचते. एक फरक पडलाय: फर्मा शिवून झाला की ती पान उलटून बघते. फर्मे कमी होतात, मालक कुरकुरतात. "पंडिता, मधलं पुरे होतं की तुम्हाला!"

"पुरलं तीस वर्षं," ती म्हणते.

पुस्तक तिच्या टेबलावर असतं. पंचावन्न कागदांना कडा आहेत, एकाला नाही. तिथे बोट ठेवलं की खळगा लागतो. बारा खोक्यांपैकी सात मी आजवर धुंडाळली. पाच राहिलीत, त्यांतलं एक म्हणे परगावी लग्नात आहेर म्हणून गेलं. परवा प्रार्थना संपवून ती पायऱ्या उतरत होती. लोक तिला नमस्कार करत होते, तिने चष्म्यावरून मला गाठलं.

"मिळाली?"

"शोधतोय, आत्या."

"मान डोलावू नकोस," ती म्हणाली. "शोध."